भाऊ आणि न दिसणारे कण

भाऊंनी कूलर घ्यायचं ठरवलं, तो सगळा उन्हाळा घरात कूलर नव्हता. आणि उन्हाळा चंद्रपूरचा. दुपारी गेटच्या कडीला हात लावायचा तर पदर गुंडाळून लावावा लागायचा. अशा दिवसांत आमचे घरमालक भाऊ लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या कूलरपुढे बसून येत. दुकानदाराचं ऐकायचं नाही, जाहिरात वाचायची नाही. ज्याच्या घरी तो कूलर चालू आहे त्याच्याकडे जायचं, दुपारभर समोर बसायचं, पाणी किती पितो ते बघायचं आणि निघताना घरच्या माणसाला विचारायचं, "सच सांग, घेऊन पस्तावला तं नाई?" अखेर एक कूलर पसंत पडला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. बाई, म्हणजे भाऊंची बायको, सुपानं वारा घेत म्हणाल्या, "आता रजई पाहाले कोणाच्या घरी जाता?"

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढं. बाबा तलावात मासे धरायचे आणि दोन बांध्यांत धान लावायचे. बी.एस्सी.साठी मी चंद्रपूरला आले तेव्हा बाबांनी खोली पाहिलीच नाही. भाऊंशी दोन वाक्यं बोलले आणि मला म्हणाले, "इथीच राहा. ह्या घरात चोर येणार नाई. हा माणूस नुसता खोकलला तरी पळून जाईन."

भाऊंची सारी नोकरी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात टर्बाइनपाशी गेली होती. तिथं कानाशी येऊन ओरडल्याशिवाय काही ऐकू जात नाही. निवृत्त झाल्यावर टर्बाइन तिकडं राहिलं, आवाज घरी आला. भाऊंनी अंगणातून "चहा टाक" म्हटलं की शेजारची म्हातारी आपल्या सुनेला म्हणायची, "टाक वो, आपलाही टाक."

संध्याकाळी मी कॉलेजातून आले की भाऊ खुर्ची टाकून बसलेलेच असत. "आज काय शिकली?" मी सांगायचे हळू आवाजात. मग समजलं की नाही हे तपासायला भाऊ तेच मोठ्यानं म्हणून बघत. "म्हणजे त्या बेंझिनमंधी सहा कार्बन गोल धरून राह्यते. फुगडीवानी!" अशा रीतीनं माझा अर्धा अभ्यासक्रम गल्लीला पाठ झाला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं एकदा मला थांबवून विचारलं, "ताई, काल त्या इलेक्ट्रॉनचं पुढं काय झालं? भाऊले फोन आला अन् अर्धंच राह्यलं."

कुणी काहीही सांगितलं की भाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला. "पाह्यलं का?" बाजारात आंबा आला. पाह्यलं का? पुलावरून पाणी गेलं. पाह्यलं का? नोकरीत असताना ऊर्जानगरच्या रस्त्यावर वाघ दिसल्याच्या गोष्टी कंपनीच्या बसमध्ये रोज निघत. भाऊ काही मानायचे नाहीत. एका संध्याकाळी ड्यूटी संपवून मोटारसायकलनं येताना त्यांना झुडपाशी तो बसलेला दिसला. मागच्या गाड्या जागच्या जागी वळून पळाल्या. भाऊंनी मात्र गाडी बंद केली, नीट बघून घेतलं आणि मग घरी आले. जेवले, हात धुतले आणि बाईंना म्हणाले, "आहे."

"काय आहे?"

"वाघ. लोकं खोटं नाई बोलून राह्यले."

लग्नही त्यांनी असंच केलं. मूल तालुक्यातल्या खेड्यात मुलगी पाहायला गेले तर पोहे, प्रश्न, काही नको म्हणाले. "तुमचं रोजचं चालू द्या, मी बसतो." आणि खरोखर ओसरीवर बसून राहिले. मुलीनं मासोळी साफ केली, भांडी घासली, शेळीला पाला टाकला. पाहुणा हलेना. शेवटी तिनंच त्यांच्यापुढे पाटा सरकवला. "पाहून झालं असन तं मिरची वाटू लागा." भाऊ वाटू लागले. ही गोष्ट सांगताना बाई नेहमी शेवटी म्हणायच्या, "त्याईले वाटते त्याईनं मले पाह्यलं. मी तवा पाह्यलं त्याईले. डोळ्यातून पाणी येऊन राह्यलं होतं, पण वाटणं सोडलं नाई."

माझ्या शेवटच्या वर्षी कॉलेजात बाहेरून एक प्राध्यापक व्याख्यानाला आले. सोन्याबद्दल बोलले. सोन्याचा तुकडा लहान करत नेला, केसाच्या जाडीहून हजारो पटींनी लहान, आणि ते कण पाण्यात तरंगत ठेवले, तर पाणी पिवळं दिसत नाही. लाल दिसतं, माणकासारखं. वस्तू तीच, पण माप बदललं की तिचा स्वभाव बदलतो. या मापाच्या शास्त्राला नॅनो म्हणतात. त्या दिवशी मी सायकल कॉलेजातच विसरून चालत घरी आले.

"सोनं लाल होते?" भाऊ अंगणातून गरजले. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बाया दारात. एकजण नाकाला हात लावून विचारत होती, "पोरी, किती लहान केलं म्हंजे लाल होते? माही नथ लय लहान आहे वो."

बाया गेल्यावर भाऊ मला म्हणाले, "ते लाल पाणी तू पाह्यलं का?"

"पडद्यावर, चित्रात पाहिलं."

"मंग नाई पाह्यलं."

पण मला तेच करायचं होतं. निकाल लागला आणि पुढं तीन वाटा दिसू लागल्या. दूर पश्चिमेकडच्या एका विद्यापीठात नॅनोसायन्स याच नावाची एम.एस्सी. होती. तिथं मला जागा मिळाली होती आणि आठवडाभरात होकार कळवायचा होता. दुसरी वाट नागपूरला फिजिक्स. तिसरी तिथंच केमिस्ट्री. तिन्हीकडून नॅनोकडं जाता येतं असं सगळे सांगत, पण कोणत्या वाटेनं गेलेलं माणूस कुठं पोचतं हे कुणी सांगेना. मैत्रिणी म्हणाल्या, ज्या पदवीच्या नावातच नॅनो आहे ती घे. कॉलेजातले सर म्हणाले, मूळ विषय सोडू नको. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "नॅनो म्हणजे तो बाटलीतला युरिया का?"

"तसंच काहीसं, बाबा."

"त्याले दोन वर्षं शिका लागते? बाटलीवर लिहून असते ना."

भाऊंपुढं तिन्ही नावं ठेवली. त्यांनी हात हलवला. "नाव नोको सांगू. नाव तं सारेच चांगलं ठेवते. हे शिकून माणूस सोमवारी कामावर गेलं, डबा ठेवला, हात धुतले. मंग काय करते?"

मला एकाही पदवीबद्दल ते सांगता आलं नाही. तीन वर्षं विज्ञान शिकले होते आणि ज्या कामासाठी जीव टाकत होते ते करणारं एकही माणूस मी पाहिलेलं नव्हतं.

मग फोन सुरू झाले. व्याख्यानाला आलेल्या प्राध्यापकांनी दोन नंबर दिले. ते त्या दूरच्या विद्यापीठातून नॅनोसायन्स शिकून गेलेल्या दोघांचे होते. पहिली मुलगी मनमोकळी होती. "दोन वर्षं मी सगळ्यांच्या घरी पाहुणी होते," ती म्हणाली. "थोडं फिजिक्स, थोडं केमिस्ट्री, थोडं बायो. माझं घर कोणतं ते शेवटपर्यंत कळलं नाही." दुसरा मुलगा अगदी उलट बोलला. त्याला पहिल्या वर्षीच सगळी यंत्रं हाताळायला मिळाली होती, आता तो पीएच.डी. करत होता आणि खूश होता. "मला काय करायचं ते जाण्याआधीच माहीत होतं," तो म्हणाला, "म्हणून जमलं." भाऊ शेजारून फोनमध्ये तोंड घालून प्रश्न विचारत होते. तो मुलगा मध्येच काळजीनं म्हणाला, "ताई, तुमच्याकडं भांडण चाललंय का?"

दोन माणसं, दोन गोष्टी. मी आणखीच गोंधळले. भाऊंना मात्र आनंद झाला. "म्हणजे कूलरवानीच आहे. एकाच्या घरी थंड, एकाच्या घरी नुसता दमट. आता जाऊन बसल्याशिवाय नाई समजत."

नागपूरच्या एका संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होता. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाला जे दिसत नाही ते तो इलेक्ट्रॉन वापरून दाखवतो. तो सांभाळणाऱ्या मॅडम मूळच्या सिरोंचाकडच्या होत्या. मी पत्ता काढून फोन केला, तर म्हणाल्या, या, आणि बघायला काही आणायचं असेल तर आणा.

हे ऐकून भाऊ विचारात पडले. मग गल्लीत कंपाउंडची भिंत बांधणाऱ्या मिस्त्रीकडं गेले. त्याच्याकडं राखेच्या विटा होत्या, कोळशाच्या राखेच्या. भाऊंनी थोडी कोरडी राख मागून कागदाच्या पुडीत घेतली. "साऱ्या जिंदगीभर कोळसा जळताना पाह्यला," ते म्हणाले. "मागं काय राह्यते ते तं पाहू."

पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. बाईंनी डब्यात इतकी भाकर दिली होती की मॅडमनाही पुरावी. आणि पुरलीही.

सूक्ष्मदर्शकाची खोली थंड आणि शांत होती. मॅडमनी पुडी उघडली, राखेचा एक कण म्हणावा इतकीशी राख धातूच्या छोट्या बटणावर चिकटवली आणि ते बटण एका काचेच्या भांड्यात ठेवलं. "आता हिच्यावर सोन्याचा थर द्यायचा. नाहीतर चित्र नीट येत नाही."

"राखेले सोनं?" भाऊ उभेच राहिले. "काऊन बाप्पा?"

मॅडम हसल्या. "डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही, इतकं कमी."

मग पडद्यावर चित्र आलं. मला वाटलं होतं, राख म्हणजे कचरा दिसेल, तुकडे, काजळी. दिसले ते गोळे. लहान, मोठे, गुळगुळीत, एकेक इतका गोल की जणू कुणी तळहातावर वळून ठेवलाय. पडदाभर बुंदी सांडल्यासारखी.

"हे राख आहे?" भाऊंनी विचारलं.

"तुमचीच. भट्टीत वितळते आणि थंड होताना गोल होते. हे गोळे तसे मोठे. नॅनो म्हणजे याहून हजार पटींनी लहान." मॅडमनी एका गोळ्याचा काठ मोठा करत नेला, आणखी मोठा, आणखी.

"अरे बापा!" भाऊ ओरडले.

आणि पडद्यावर त्या गोळ्याचा गुळगुळीत काठ करवतीच्या दातांसारखा झाला.

"हळू बोला हं," मॅडम म्हणाल्या. "इतकं मोठं केलं की आवाजानंसुद्धा चित्र थरथरतं."

भाऊंना ते पटणं शक्यच नव्हतं. त्यांनी पडद्याकडं बघून "ए!" केलं. काठाला दात आले. गप्प झाले. काठ पुन्हा सरळ. "ओ!" दात. मग त्यांनी खोकून पाहिलं, टाळी वाजवून पाहिली, आणि एकदा तर स्वतःचं पूर्ण नाव घेतलं. मॅडम तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. आमच्या गल्लीनं जो आवाज इतकी वर्षं ऐकला, तो त्या दिवशी भाऊंनी डोळ्यांनी बघितला.

मग ते खुर्चीत मागं टेकून बसले आणि माझ्याकडं वळून काहीतरी बोलले. मला आधी कळलंच नाही, कोण बोलतंय. भाऊ कुजबुजत होते. आवाज किती हळवा होता त्यांचा! "पोरी," ते म्हणाले, "मी तेथी इतकी वर्षं उभा राह्यलो. अन् हे एवढं सुंदर बनून राह्यलं होतं. कोणालेच दिसलं नाई."

ते दिवसभर त्या खोलीतून हलले नाहीत. मी मात्र हलले. पाणी प्यायला बाहेर आले, तर शेजारच्या प्रयोगशाळेत एक संशोधक विद्यार्थी धानाच्या गिरणीमागं पडतो तो कोंडा जाळून त्याची पांढरी भुकटी करत होता. कोंड्यात वाळूचंच द्रव्य असतं, ते वेगळं काढून तो त्याचे कण बनवत होता. थेंब सावकाश टाकले तर कण लहान, घाई केली तर मोठे. फ्लास्कमधलं पाणी आधी नितळ होतं. मग त्यात दुधाची किंचित झाक आली, कुणी फुंकर घातल्यासारखी. त्या क्षणी आत कण तयार होत होते. मी त्याला म्हटलं, एकदा मी टाकू का थेंब? त्यानं नळी माझ्या हातात दिली. भाऊ शोधत आले तोवर मी जेवायचं विसरून तिथंच उभी होते.

निघताना मॅडमनी मला विचारलं, "काय ठरलं?" मी तिन्ही पदव्या सांगितल्या. त्या म्हणाल्या, "नॅनो हे माप आहे गं. त्या मापात तुला काय करायचंय? बनवायचं असेल तर केमिस्ट्री. बघायचं, मोजायचं असेल तर फिजिक्स. दोन्ही थोडं थोडं शिकवणारी पदवीही वाईट नाही, पण आपलं काम आधीच ठरलेलं असेल त्याला ती जास्त उपयोगी पडते. तू आज दिवसभर कुठं होतीस, त्याचा विचार कर."

भाऊंनी विचार करायला वेळ दिलाच नाही. एसटीत बसल्या बसल्या त्यांनी निकाल जाहीर केला. "फिजिक्स! ते मशीन शिकायची. बस." आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला राखेचे गोळे सांगू लागले. वरोरा येईपर्यंत अर्ध्या एसटीला माझी पदवी ठरल्याचं कळलं होतं. कंडक्टरनं माझं अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी गल्लीत मी 'मशीनवाली' झाले. भाऊंनी बाबांनाही फोन करून टाकला, आणि बाबा मला म्हणाले, "भाऊ म्हणते तं चांगलंच असन. त्याईनं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं म्हणते."

होकार कळवायची मुदत जवळ येत होती. ती दूरची जागा सोडायची, हे माझं ठरलं होतं. पण फिजिक्स घ्यायचं नाही, हे या माणसाला कसं सांगायचं? ज्यानं माझ्यासाठी नागपूर केलं, जो दिवसभर थंडीत बसला, ज्याला आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजताना मी ऐकलं, त्याचा तो आनंद मी मोडणार होते. दोन दिवस मी जिन्यावरून खाली उतरताना शब्द जुळवायचे आणि अंगणात आले की भाजीबद्दल बोलायचे.

तिसऱ्या दिवशी बाईंनीच मला धरलं. "काय गिळून राह्यली तू? बोल त्याईले. ऐकते ते. आवाज मोठा असला म्हणून कान लहान नाई त्याईचे."

भाऊ पाइपनं झाडांना पाणी घालत होते. मी म्हटलं, "भाऊ, मी फिजिक्स नाही घेत. केमिस्ट्री घेते."

पाइप तसाच हातात राहिला. पाणी मोगऱ्यावरून वाहून गेटकडं जाऊ लागलं. "मशीन पाह्यली तरी?"

"पाहिली म्हणूनच. भाऊ, तुम्ही मशीन बघत होतात तेव्हा मी तिथं नव्हतेच. मी शेजारी त्या पोराचा फ्लास्क बघत होते. मला कण बघायचे नाहीत. मला ते बनवायचे आहेत."

मला वाटलं, भाऊ दुखावले. मग त्यांनी नळ बंद केला, खुर्ची ओढली, दुसरी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "काय करत होता तो पोट्टा? पयल्यापासून सांग."

मी सांगितलं. कोंडा, राख, थेंब, दुधाची झाक, सगळं. मध्येच त्यांनी विचारलं, "थेंब जल्दी पडला तं पूर्ण वाया जाते?" मी म्हटलं, वाया नाही जात, पण कण सारखे येत नाहीत. "अन् त्याच्यात हात बसाले किती दिवस लागन?" मी म्हटलं, माहीत नाही, पण कंटाळा येणार नाही एवढं कळलं. भाऊंनी मान डोलावली.

"आपण दोघं एकाच ठिकाणी गेलो," ते म्हणाले, "अन् दोन गोष्टी पाहून आलो. माही मी पाह्यली. तुही तू पाह्यली. बराबर आहे." मग उठून गेटपाशी गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "ऐका होऽ! मशीन कॅन्सल! पोट्टी भुकटी बनवणार आहे!"

इस्त्रीवाला तिकडून ओरडला, "चांगलं झालं! मशीन बिघडते!"

मी नागपूरला केमिस्ट्री केली. दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प त्याच मॅडमकडं मिळाला. हात बसायला मला वाटलं त्याहून फार वेळ लागला. कितीतरी वेळा भुकटीऐवजी नुसता चिकट गोळा हाती आला आणि तो चमच्यानं खरवडताना मी रडलेही. पण कंटाळा खरंच आला नाही. आज एका कंपनीत मी रंगांत मिसळायचे सूक्ष्म कण बनवते, पावसानं भिंतीचा रंग उतरू नये म्हणून. सोमवारी कामावर जाते, डबा ठेवते, हात धुते आणि थेंब टाकायला बसते.

प्रकल्पाच्या काळात एकदा माझे कण एकसारखे गोल आले. मॅडमनी त्याच सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं चित्र काढून दिलं आणि मी ते भाऊंना व्हॉट्सॅपवर पाठवलं. उत्तर आलं नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडं गेले तेव्हा कळलं, त्यांनी ते शहरातून मोठं छापून, काच लावून, टीव्हीच्या वर टांगलंय.

मी गेले तेव्हा ते एका नव्या भाडेकरूच्या वडिलांना चित्र समजावून सांगत होते. "हे आमच्या पोरीनं बनवलं. धानाचा कोंडा आहे हा. पाहा, एकही चपटा नाई." बाई आतून पाणी घेऊन आल्या. मी चित्राकडं बघितलं आणि मला हसू आवरेना. गोळे खरोखर सुरेख आले होते, पण चित्राच्या कडेला माप दाखवणारी रेघ असते, तिच्या बाजूची अक्षरं डोक्यावर उभी होती.

"भाऊ, उलटं लागलंय ते."

भाऊ जवळ गेले. चष्मा वर केला. या कडेनं बघितलं, त्या कडेनं बघितलं. पाहुणेही उठून बघू लागले. मी फ्रेम उतरवायला खुर्ची ओढली, तर भाऊंनी हातानं थांबवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "गोळे बराबर आहे. अक्षरंच उलटी लावली त्या लोकाईनं."